वर केलेला हात आणि वर राहिलेला हात

मंडळी, आज आधी एक कबुली. मागच्या व्याख्यानात एका बाईंच्या नावाशेजारी पिवळा हात दिसत होता. चांगला अर्धा तास. आम्हाला वाटलं, खाली घ्यायचा राहून गेला असेल. तसं नेहमीच होतं. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, "सर, मी थांबले होते. पण आता तो मुद्दा मागे पडला." तेव्हा आज या चित्राचीच थोडी समीक्षा करू.

चित्रं दोन आहेत. एक नुसता उभा तळवा, दुसरं हात वर केलेली व्यक्ती. युनिकोडच्या यादीत दोन्ही २०१० साली आली. दुसऱ्याचं तिथलं मूळ नाव 'हॅपी पर्सन रेझिंग वन हॅन्ड'. आता हॅपी कशाला, बुवा? शंका आलेला माणूस अस्वस्थ असतो. आनंद झालाच तर तो शंका फिटल्यावर. (शाळेत करंगळी वर करून सांगायची शंका निराळी, तिथेही हे लागू आहेच म्हणा.) पण नाव अगदीच चुकलेलं नाही. 'सहलीला कोण कोण येणार?' या निरोपाखाली हेच चित्र येतं, तेव्हा ते काही विचारत नसतं. 'मी आहे' असं सांगत असतं. तो हजेरीचा हात.

शंकेच्या हाताचं काय? हात वर जाणं आणि आपण तो वर करणं, यांत फरक कोणता, हा प्रश्न विटगेन्स्टाइनच्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये (१९५३) आहे. आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवला आणि उत्तर कायम हात वर करणाऱ्याच्या बाजूने शोधलं. बघणाऱ्याची बाजू सुटलीच. वर्गातला हात दुखतो. थोड्या वेळाने मुलगी दुसऱ्या हाताने कोपराला टेकू देते, हात बदलते, आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या आम्हाला कळतं की हिचा प्रश्न अजून जिवंत आहे. बटणाचा हात दुखत नाही. त्यामुळे वाट पाहणारा हात आणि विसरलेला हात हुबेहूब सारखे दिसतात, आणि आपण सोयीचा तेवढा अर्थ घेतो.

दोन्ही हात वर केलेलं चित्रही त्याच यादीत आहे. तिथे तो जल्लोष. मराठीत मात्र हात वर केले म्हणजे अंग काढून घेतलं. त्या दिवशी आम्ही तेच केलं.

आत्ताही पाच-सहा हात दिसताहेत. बाई, तुम्ही आला असाल तर माईक सुरू करा. आधी तुमचा प्रश्न घेऊ.