सांत्वनाची चाल

गाणे ऐकून माणसाच्या डोळ्यांत पाणी का उभे राहते, हा प्रश्न मला प्रथम पडला तो एखाद्या मैफिलीत नव्हे, तर मुदखेडला, आमच्या घराच्या उंबरठ्यापाशी. आजोबा जाऊन पंधरा दिवस झाले होते. दुखवट्यामुळे घरातला टेपरेकॉर्डर मुका होता. त्या संध्याकाळी वडिलांनी कोणाशी न बोलता ‘गीतरामायणा’ची फीत लावली. राम भरताची समजूत घालतो ते गीत सुरू झाले. शेजारी आदिलाबादकडून नुकतेच बदलून आलेले रेल्वेतले एक तेलुगू कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाई मुलाला कडेवर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. गीत संपले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांना मराठी येत नव्हते. मुदखेडच्या स्टेशनावर सर्वांना पुरते त्या हिंदीत त्यांनी आईला विचारले, “बडा भाई समझा रहा ना?”

शब्द कळले नाहीत आणि तरी थोरला भाऊ कळला! तो कोणी कळवला? मला वाटते, सुधीर फडके यांच्या चालीने.

‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, याप्रमाणे १९५६ च्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गीते झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर फडक्यांचे. तेव्हा आमचे मुदखेड हैदराबाद राज्यात होते. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्यांच्या सीमा ठरण्यापूर्वीच मराठी मनाला या गीतांनी एका सुरात बांधले, हे आता सर्वमान्य आहे. त्याचे श्रेय वाटताना मात्र आपण माडगूळकरांच्या शब्दांपाशी अधिक रेंगाळतो. ते शब्द तेवढ्या योग्यतेचे आहेतच. पण चालीचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

भरतभेटीचा प्रसंग पाहा. वडील गेलेले, राज्य गेलेले, वाट्याला वनवास आलेला. सांत्वन करायचे ते रामाचे. पण येथे सांत्वन करतो तो रामच. माडगूळकरांनी वाल्मीकींची महासागरातील ओंडक्यांची उपमा मराठीत आणली: क्षणभर भेट आणि पुन्हा ताटातूट. अशा आशयाला एखाद्या संगीतकाराने डोळे झाकून जोगिया किंवा तोडी दिली असती. मग राम स्वतःच रडू लागला असता. उलट, नुसते तत्त्वज्ञान पुढे केले असते, तर त्याचे कीर्तन झाले असते. फडक्यांनी यमन कल्याण घेतला. यमन हा दिवेलागणीचा, प्रसन्न आणि भारदस्त राग. त्याच्या तीव्र मध्यमाला शुद्ध मध्यमाचा हलका स्पर्श झाला, की त्या भारदस्तपणात किंचित ओलावा येतो. थोरल्या भावाचा आवाज असाच असतो. तो खचलेला नसतो, पण कोरडाही नसतो. कडव्यामागून कडवे येते आणि तीच शांत लय पाठीवरून हात फिरवावा तशी परतून येते. शब्द तोडणारी तान नाही, की हुंदक्याचा अभिनय नाही. गाणारा रडत नाही, म्हणूनच ऐकणारा रडतो. फडक्यांच्या कारुण्याचे मर्म मला या संयमात दिसते.

यावर कोणी म्हणेल, “त्या बाईंना रामकथा ठाऊक होती, भद्राचलमच्या रामदासाची पदे त्यांच्या कानांवर लहानपणापासून असणार. मग चालीने विशेष काय केले?” आक्षेप खरा आहे. कथा साऱ्या देशाची आहे आणि तिने अर्धी वाट आधीच मोकळी केलेली असते. परंतु कथेने फार तर राम कळेल. राम या क्षणी समजूत घालतो आहे, हे सुरांनीच कळते. आणखी एक पुरावा आहे. ‘गीतरामायणा’ची भाषांतरे हिंदी, संस्कृत, कन्नड, तेलुगू, बंगाली अशा अनेक भाषांत झाली, आणि ती मूळ चालींवरच गाता यावीत, अशा बेताने झाली. शब्द बदलले, चाल जागची हलली नाही.

शब्दांवाचून सूर कुठवर जातात, हे पाहायचे तर थोडे दूर जाऊ. अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बर याची तंतुवाद्यांसाठीची ‘अडाजिओ’ ही रचना १९३८ साली टोस्कानिनी यांनी न्यूयॉर्कहून रेडिओवर सादर केली. तीत ना शब्द, ना कथा. एकच स्वरवाक्य पायरीपायरीने चढत जाते, टिपेला पोचते आणि एकाएकी शांतता पसरते. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले तेव्हा ती रेडिओवर वाजली, आणि पुढे ते त्या देशाच्या शोकाचे संगीतच झाले. दोन्ही रचना रेडिओने घरोघर नेल्या. पण त्यांच्या स्वभावांत अंतर आहे. बार्बर आपल्याला दुःखाच्या शिखरावर नेऊन सोडतो. फडके शिखरावर नेत नाहीत. ते ओसरीवर शेजारी येऊन बसतात.

फडक्यांची सारीच गीते या उंचीची आहेत, असे मी म्हणणार नाही. युद्धकांडातील आवेशाच्या काही गीतांत मला त्यांच्या प्रतिभेपेक्षा कसबच अधिक दिसते. आणि आजकाल समारंभांतून वाद्यांच्या कल्लोळात, हातवारे करीत हीच गीते गातात, तेव्हा नेमका तो संयमच हरवतो. सांत्वन कधी ओरडून होते काय?

रामाच्या अयोध्येला परतण्याचा आनंद आपण दिवाळीत साजरा करतो. त्या परतीच्या चौदा वर्षे आधी, ‘मी आता येणार नाही’ हे धाकट्या भावाला त्याचे मन न मोडता सांगावे लागले होते. फराळाची गडबड ओसरल्यावर, घरात निजानीज झाली की ते गीत एकदा हळू आवाजात लावून पाहा. त्या बाईंची पुढे बदली झाली. निरोप द्यायला आम्ही स्टेशनावर गेलो, तेव्हा त्यांनी वडिलांकडून मागून घेतली ती एकच वस्तू: ती फीत.