प्रेक्षकांचा अभिप्राय आणि अभिनयाची पारख

भंडारा जिल्ह्यात दिवाळी उलटली, धानाची कापणी आटोपत आली, म्हणजे गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा दंडार आणि रात्री नाटक हा तिचा ठरलेला क्रम होय. नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि पहाट झाली की त्या नाटकाचे परीक्षण सुरू होते. खलनायकाने कोठे बाजी मारली, नायिकेचा आवाज कोठे बसला, विनोदी नटाने कोणता विनोद गतवर्षीचाच पुन्हा काढला, याचा निवाडा चहाच्या टपरीवर होतो. तीच मंडळी साकोलीस, लाखनीस अथवा तुमसरास चित्रपटांविषयीही तितक्याच हिरिरीने बोलतात. या बोलण्यास कोणी टीका असे भारदस्त नाव देत नाही. परंतु कलेच्या बऱ्यावाईटाचा विचार जेथे प्रथम होतो ती जागा हीच, म्हणून तिचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नाटकाविषयीचा अभिप्राय आणि चित्रपटाविषयीचा अभिप्राय यांत एक मूलभूत भेद आहे. झाडीपट्टीच्या रंगमंचावरील नटास प्रेक्षकांचे मत त्याच रात्री कळते. टाळी, शिटी, ‘वन्स मोअर’ अथवा मंडपातली कुजबुज त्याच्या कानी पडते, आणि दुसऱ्या गावी तो आपले काम सुधारतो. पडद्यावरील नटाचे काम मात्र पुरे होऊन गेलेले असते. आपण वाहवा केली काय अन् नापसंती दर्शविली काय, त्यातला एक कटाक्षही बदलणार नाही. तेव्हा चित्रपटाविषयीचे मत ज्याचे काही घडवते अथवा बिघडवते, तो एकटा प्रेक्षकच होय. आपण एकमेकांशी कसे बोलतो यावर आपली अभिरुची ठरते, आणि पुढे कसले चित्रपट निघावेत हे त्या अभिरुचीवर ठरते.

या अभिरुचीचे पहिले संकट म्हणजे नट आणि भूमिका यांची गल्लत. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (1936) चित्रपटाने विष्णुपंत पागनिसांस जी कीर्ती दिली तिच्यापायी लोक त्यांच्या पाया पडू लागले. तो भाव खरा होता. पण त्या भक्तीच्या भरात पागनिसांनी काय केले हे पाहावयाचे राहून गेले. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या या नटाने मुद्रा आणि स्वर किती सौम्य ठेवले, हे ध्यानी घेतल्यावाचून त्यांचे श्रेय कळत नाही. त्याहून अन्याय झाला तो गौरी या नटीवर. हातात वहाण घेऊन देवास जाब विचारावयास निघालेली तिची जिजाई रागातही संसाराचा कळवळा सोडीत नाही. पागनिसांचा तुकाराम आपणांस खरा वाटतो याचे निम्मे कारण त्याच्यासमोर ही जिजाई उभी आहे हे होय.

निळू फुले यांच्या वाट्यास हीच गल्लत उलट्या रूपाने आली. त्यांचे पाटील पाहून खेड्यांतल्या स्त्रिया प्रत्यक्षातही त्यांना बिचकत, असे ते स्वतःच सांगत. नटास हे एका परीने पारितोषिकच; परंतु ‘सिंहासन’ (1979) मधला त्यांचा दिगू टिपणीस, राजकारणाचा खेळ पाहणारा तो पत्रकार, ज्यांनी लक्षपूर्वक पाहिला नाही त्यांना हा नट किती मोठा होता हे अर्धेच कळले असे आम्ही म्हणू.

दुसरे संकट मापाचे आहे. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचविणे हा रंगमंचाचा धर्म. कॅमेऱ्यापुढे तोच दोष ठरू शकतो. रंगभूमीचे सम्राट बालगंधर्व ‘धर्मात्मा’ (1935) मध्ये पडद्यावर रमले नाहीत, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. नाटकावर पोसलेला प्रेक्षक ‘कोर्ट’ (2014) पाहून ‘यात अभिनय कोठे आहे?’ असे विचारील तर त्याचे नवल नाही. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी त्यात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. ते व्यवसायाने नट नव्हते. न्यायालयात तारखेमागून तारीख पडत असता हा मनुष्य कोठेही आक्रोश करीत नाही. त्याचे थकलेपण आणि त्याचा हेका दोन्ही त्याच्या नुसत्या उभे राहण्यात दिसतात. भरतमुनींनी आंगिक, वाचिक आणि आहार्य यांच्या जोडीस सात्त्विक अभिनय सांगितला आहे. पडद्यावर त्याची किंमत सर्वांत अधिक.

तिसरे संकट पक्षाभिमानाचे. आमचा नट मोठा की तुमचा, कोणाच्या चित्रपटाने किती कोटी जमविले, या हमरीतुमरीत अभिनयाचा एक शब्दही नसतो. 1814 साली एडमंड कीन लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात शायलॉक म्हणून उभा राहिला तेव्हा हॅझलिटने त्याची मनमुराद स्तुती केली. पण आवाज, डोळे, हालचाल यांचा निर्देश करून केली, आणि त्याच्या चालण्यातला हलकेपणा शायलॉकास शोभत नाही हेही सांगितले. चाहता असावा तर असा.

हा नुसता विद्वत्तेचा प्रश्न नव्हे. विदर्भाची बोली चित्रपटांतून बहुधा हशा पिकविण्यासाठीच वापरली जाते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ (2022) निघाला, तेव्हा आपल्या भागाचे चित्र पडद्यावर आले याचा आनंद स्वाभाविकच होता. परंतु त्यातले बोलणे, चालणे, भांडणे खरे उतरले की नाही हे पुण्यामुंबईचा परीक्षक सांगू शकणार नाही. ते पवनीच्या आणि लाखांदुरच्या प्रेक्षकासच ठाऊक. त्याने ‘भारी होता’ एवढ्यावर थांबणे म्हणजे आपला हक्क आपणच सोडून देणे होय.

रात्रभर नाटक पाहून पहाटे नटाच्या एकेका शब्दाचा हिशेब मागणाऱ्या या प्रेक्षकाजवळ साक्षेप मुळीच कमी नाही. तोच साक्षेप त्याने चित्रपटगृहातून बाहेर पडताना जवळ ठेवावा, आणि शेजाऱ्याने ‘काम चांगले झाले’ असे म्हटल्यास ‘कोणत्या प्रसंगी?’ एवढे विचारावे. इतके केले तरी आमचे समाधान होईल.