‘कोपाति’ आणि ‘कापणे’ : एका साम्याची तपासणी
स्लाव भाषांतील ‘कोपाति’ या धातूचा ‘खणणे’ हाच मूलार्थ मानणे युक्त नव्हे. लिथुआनियन ‘कापोति’ (तोडणे) व ग्रीक ‘कोप्तो’ (प्रहार करणे, कापणे) हे सगोत्र शब्द ‘प्रहार’ या प्राचीनतर अर्थाकडे निर्देश करतात. रशियन ‘कोप्यो’ (भाला) याच कुळातला. 1535 च्या नाणेसुधारणेनंतर भालाधारी स्वाराच्या मुद्रेवरून ‘कोपेक’ हे नाव रूढ झाले. पोलिशमध्ये तर ‘कोपाच’ म्हणजे खणणे, तसेच लाथ मारणेही.

येथे मराठी अभ्यासकास ‘कापणे’चा मोह पडतो. अर्थ जुळतो, नादही जुळतो; परंतु ‘कापणे’ हे संस्कृत ‘कल्पयति’, प्राकृत ‘कप्पइ’ या मार्गाने आले आहे. त्यातील लुप्त ‘ल’काराचा स्लाव धातूत मागमूस नाही. व्युत्पत्तीचा निर्णय आजच्या नादसाम्यावर नव्हे, शब्दाच्या पूर्वरूपांवर व्हावा.