तोंडातले मूग

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या ओसरीवर चारचौघांत बसलेला पोरगा कितीही विचारलं तरी ओठ उघडेना, की आत्याबाई हटकणारच : "काहून गा, तोंडात मूग धरले काय?" या प्रश्नापाशी आपण जरा रेंगाळू. गप्प माणसाचं तोंड रिकामं असतं, हे मराठीला मुळी मान्यच नाही. त्यात कधी मूग असतात, कधी मिठाची गुळणी. मूग गिळणाऱ्याचं बोलणं घशाखाली उतरून गेलं. गुळणी धरणाऱ्याचं मात्र अजून गालातच खळबळतं आहे, गिळवत नाही आणि पाहुण्यांदेखत थुंकवतही नाही! इतका नाजूक भेद स्वयंपाकघरातच सुचावा.

मितभाषी हा शब्द सत्काराच्या शालीसारखा, रोज पांघरायचा नाही. 'घुमा' म्हटलं की संशयाचा वास येतो, 'भिडस्त' म्हटलं की माया. माझा जीव मात्र अडकतो तो अबोल या शब्दात. अबोल हा स्वभाव. त्याला एक काना दिला की होतो अबोला, नवराबायकोंनी धरायचा आणि कुणीतरी आधी सोडायचा. आणि कान्याच्या जागी वेलांटी आली की उमलते अबोली, शेंदरी रंगाची, वेणीत खुलून दिसणारी आणि गंध नसलेली. न बोलणाऱ्या फुलाला गंधही नसावा, हे ज्याला पहिल्यांदा जाणवलं असेल त्याच्या रसिकतेला आपण मनोमन हात जोडावेत.

आतल्या गाठीचा माणूस म्हणजे थोडा अवघड मामला. पण गाठ मनाशी बांधली की तीच खूणगाठ होते, आणि इथे मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची आठवण अटळ आहे. वकिली करत मेहकरातच राहिलेल्या या कवीच्या 'खूणगाठी'ला 1986 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचा पहिला संग्रह 1954 चा. कवीचं वय तेव्हा पंचेचाळिशीतलं आणि त्यांचं गाणं जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवरून कधीचंच घरोघर पोचलेलं. संग्रहाचं नाव 'शीळ'. शब्दाविना साद घालायची ही रीत अबोल माणसाला किती सोयीची! फक्त, तोंडात मूग असले की शीळ वाजत नाही. हवं तर करून पाहा.