एकपक्षी दप्तर : फादर हल यांच्या मुंबई मिशनच्या इतिहासाविषयीं

वरोर, चिंचणी, तारापूर, डहाणू ही किनारपट्टी फिरंगी अंमलांत दमण विभागांत मोडत असे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत ती मराठ्यांकडे आली, आणि इकडच्या राज्यकारभारांतून दमणचें नांव उठलें. पुढें जवळजवळ दीडशें वर्षांनीं, १८८६ सालीं, पोप तेरावा लिओ व पोर्तुगालचा राजा यांच्यांत करार होऊन ‘दमणचा बिशप’ हें नवें पद निर्माण झालें. मुंबई, साष्टी व वसई या बाजूच्या ज्या ख्रिस्ती देवळांवर पोर्तुगीजांचा हक्क मान्य झाला, तीं या बिशपाच्या हाताखालीं देण्यांत आलीं; तो स्वतः राहूं लागला मात्र मुंबईंत. पद दमणचें, वास्तव्य मुंबईंत आणि देवळें ब्रिटिश मुलखांत, हें कोडें ज्यास उलगडावयाचें असेल त्यास एकोणिसाव्या शतकांतील धर्माधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार चाळल्यावांचून गत्यंतर नाहीं.

या पत्रव्यवहाराचें मोठें छापील भांडार म्हणजे फादर अर्नेस्ट हल यांचा ‘बाँबे मिशन हिस्टरी’ हा दोन भागांचा ग्रंथ. पहिला भाग १९२७ मध्यें व दुसरा १९३० मध्यें मुंबईस निघाला. त्यानंतर या विषयावर लिहिणारांनीं बहुधा त्याच्याच आधारावर आपली इमारत उभारली आहे. म्हणून त्या आधाराचें बळ किती, हें एकदां तपासणें अवश्य वाटतें.

वादाचें मूळ थोडक्यांत असें. पूर्वेकडील देवळांवर धर्माधिकारी नेमण्याचा हक्क पोर्तुगालचे राजे सांगत. यास पाद्रोआदो म्हणत. उलट रोमची प्रोपागांडा ही कचेरी आपले व्हिकर अपोस्टोलिक स्वतंत्रपणें पाठवी. १७२० सालीं मुंबईच्या इंग्रज सरकारानें गोव्याच्या आर्चबिशपाचा संबंध तोडून तेथील देवळें कार्मेलाइट पाद्र्यांच्या हवालीं केलीं. पुढें कांहीं वर्षें इकडून तिकडे, तिकडून इकडे असें होऊन १७९४ पासून मुंबई बेटांत दोन्ही सत्ता शेजारीं शेजारीं नांदूं लागल्या. नांदूं लागल्या म्हणणें हें केवळ सौजन्य होय. १८३८ सालीं पोपनें जें आज्ञापत्र काढलें त्यांत कोचीन, क्रांगानोर, मैलापूर व मलाक्का येथील पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. पण साष्टी व वसई या गोव्याच्या आर्चबिशपाच्या प्रत्यक्ष प्रांतांतील, आणि ती गादी तर कायमच राहिली होती. तेव्हां हें आज्ञापत्र येथें लागू कीं नाहीं, याच एका प्रश्नावर पुढील पत्रांपैकीं बरींच खर्ची पडलीं.

फादर हल यांचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. मूळ कागदांचे लांबलचक उतारे देऊन वाचकास स्वतः निर्णय करण्याची सोय त्यांनीं ठेविली, हा उपकार लहान नव्हे. स्वतः जेझुइट आणि प्रोपागांडा पक्षाचें मुखपत्र म्हणून निघालेल्या ‘एक्झॅमिनर’ पत्राचे अनेक वर्षें संपादक असूनही त्यांनीं प्रतिपक्षास शिव्याशाप दिलेले नाहींत. परंतु दोष वृत्तीचा नसून दप्तराचा आहे. जे कागद मुंबईच्या बिशपाच्या वाड्यांत सांचले तेच मुख्यतः ग्रंथांत आले. त्या कागदांत गोव्याचे पाद्री ‘फुटीर’ ठरलेले आहेत, कारण लिहिणारांच्या दृष्टीनें ते तसे होते. आमचे लेखक हा शब्द उचलून जणूं निर्णय म्हणूनच वापरतात, ही खेदाची गोष्ट होय. त्याच काळीं दुसऱ्या बाजूनें कुन्य रिवारा यांनीं १८५८ सालीं पाद्रोआदोचें समर्थन करणारें पुस्तक लिहिलें होतें. मराठी लेखांत त्याचा उल्लेख क्वचितच सांपडतो.

१८५३ चें माहीमचें प्रकरण घ्या. सेंट मायकल देवळाचे लोक गोव्याकडे वळणार असें दिसतांच व्हिकर अपोस्टोलिक बिशप हार्टमन हे आपल्या अनुयायांसह देवळांतच ठाण मांडून बसले; बाहेर विरुद्ध पक्षानें वेढा दिला; शेवटीं सरकारी अधिकाऱ्यांस मध्यें पडावें लागलें, आणि देऊळ पाद्रोआदोकडे गेलें. बिशपाच्या पत्रावरून त्याचा दावा कळतो. देवळाच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, बाप्तिस्म्याच्या वह्या कोण लिहीत होता, कोंफ्रारियाचा पैसा कोणाच्या पेटींत पडत होता, हें त्यावरून कळत नाहीं. आणि ताबा म्हणजे तर हेंच. आपल्याकडील वतनाच्या कज्ज्यांत एका भावाचा अर्ज वाचून कोणी निवाडा सांगत नाहीं. बिशपाच्या शिक्क्यानें तो नियम बदलण्याचें कारण नाहीं.

या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण उपयोगी पडेल. तेथील मेथॉडिस्ट पंथाच्या बिशपांना बांधलेला प्रांत नसे. सर्व बिशप मिळून सर्व पंथाचे पर्यवेक्षक, आणि प्रत्येक जण फिरतीवर. १८४४ सालीं न्यूयॉर्कच्या महासभेनें असा ठराव केला कीं, वारसा व विवाह यांच्या योगानें गुलामांचे धनी झालेले जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांनीं ती अडचण असेपर्यंत बिशपाचें काम थांबवावें. कांहीं महिन्यांतच वडील बिशप जोशुआ सोल यांनीं अँड्र्यू यांस पत्र लिहून दक्षिणेकडील सभांच्या कामांत आपल्या सोबतीस बोलाविलें. दक्षिणेस हें बंधुभावाचें पत्र वाटलें, उत्तरेस महासभेचा अवमान. १८४५ मध्यें दक्षिणेचा पंथ निराळा झाला. मग सीमेवरील मंडळ्या कोणाच्या, पंथाच्या छापखान्याची मिळकत कोणाची, हे वाद माजले. मिळकतीचा वाद तर वरिष्ठ न्यायालयापर्यंत जाऊन १८५४ सालीं दक्षिणेसारखा तुटला. संशोधकाचें भाग्य असें कीं, उत्तरेच्या बाजूनें एलियट यांनीं १८५५ सालीं व दक्षिणेच्या बाजूनें रेडफर्ड यांनीं १८७१ सालीं आपापला इतिहास कागदपत्रांसह छापला. दोन्ही ग्रंथ समोर ठेवले म्हणजे एकानें गाळलेला मजकूर दुसऱ्यांत शोधतां येतो. (हाच पंथ १८७२ मध्यें विल्यम टेलर यांच्या हातून मुंबईंत रुजला, पण त्या उद्योगाची हकीकत टेलर यांनीं स्वतःच १८७५ सालीं छापली, म्हणून तेथेंही सावधपणें वाचावें.)

मुंबईच्या वादाला अशी जोडी अद्याप नीट जुळविलेली नाहीं. वांद्र्यास सेंट अँड्र्यू पाद्रोआदोचें आणि सेंट पीटर प्रोपागांडाचें, अशीं दोन देवळें एकाच वस्तींत कां, याचें उत्तर बिशपांपेक्षां गांवकऱ्यांच्या कागदांत अधिक मिळेल. १९२८ च्या करारानें दुहेरी सत्ता संपून मुंबईस एकच आर्चबिशप राहिला. त्याबरोबर दमणच्या बिशपाच्या हाताखालील देवळांचें दप्तरही हललें असलें पाहिजे. तें कोठें गेलें हा प्रश्न फादर हल यांच्यापुढें नव्हता, कारण त्यांचा दुसरा भाग १८९० पाशीं थांबतो.

संग्राहकांस विनंती एवढीच. उत्तर कोंकणांतील कोणत्याही जुन्या देवळाची वही, कोंफ्रारियाचा हिशेब, किंवा पाद्र्यानें गांवकऱ्यांस लिहिलेली साधी चिठी हातीं आल्यास ती पोर्तुगीज आहे म्हणून बाजूस टाकूं नये. नक्कल करतांना सही, शिक्का, पोहोंचल्याची तारीख व पाठीमागचा शेरा अवश्य उतरून घ्यावा. पत्र लिहिल्याची तारीख व पोहोंचल्याची तारीख यांतील अंतर पुष्कळदां मजकुराइतकेंच बोलतें.