माखाचा शाप आणि 'सामूहिक' नेणीव

मिथकाचा विषय निघाला की आपले समीक्षक खिशातून 'आदिबंध' काढतात. युंगचा हवाला देतात. सगळ्या मानवजातीच्या तळाशी एकच सामूहिक नेणीव आहे आणि कल्पनाशक्ती तिथूनच वर येते, असं सांगतात. मी हे आयर्लंडच्या एका केल्टिक कथेवर घासून बघितलं.

अल्स्टर प्रांतातल्या एका विधुर शेतकऱ्याच्या घरी माखा आपणहून येते, त्याची बायको होऊन राहते. जत्रेत हा गडी फुशारकी मारतो : राजाच्या घोड्यांपेक्षा माझी बायको जोरात पळते. राजा त्याला धरून ठेवतो, तिला आणवतो. तिचे दिवस भरलेले. बाळंत होईतो थांबा, असं ती जमलेल्यांना विनवते. एकजण पुढं येत नाही. ती पळते, जिंकते आणि तिथंच जुळ्यांना जन्म देते. मग शाप देते : ऐन संकटात अल्स्टरच्या पुरुषांना ५ दिवस ४ रात्री बाळंतकळा येतील, ९ पिढ्या. राजधानीचं नावच पडलं एव्हिन माखा, म्हणजे माखाची जुळी. पुढं 'टॉइन' या वीरकथेत राणी मेव्हची फौज चालून येते, तेव्हा अल्स्टरचे वीर कळांनी विव्हळत पडलेले असतात.

युंगवादी म्हणेल, माखा हा आदिमातेचा आदिबंध. बरं. मला त्यापेक्षा फ्रॉइडचं म्हणणं जवळचं वाटतं : दाबलेलं मरत नाही, अंगातून वर येतं. ज्यांनी तिची कळ ऐकली नाही, त्यांच्याच अंगात ती कळ शिरते. केवढी ही कल्पनाशक्ती! पण दोस्तहो, पुढचा तपशील बघा. शाप बायकांना लागत नाही, पोरांना लागत नाही. जबाबदार कोण, हे कथेला पक्कं ठाऊक आहे. मग ही नेणीव सामूहिक कशी? सगळी मानवजात एकाच तळाशी बसवली, की पळवणारा आणि पळवली गेलेली शेजारी-शेजारी येतात आणि राजा अलगद सुटतो.

शिवाय या वीरकथांच्या आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या प्रती ११व्या-१२व्या शतकांतल्या, ख्रिस्ती मठांतल्या. नेणीव आणि आपण यांच्यामधे लेखणी आहे. ती कुणाच्या हातात होती, हेही विचारलंच पाहिजे. आणि पुढं आठवण कुणाची ठेवली, तेही. १९१६च्या उठावाचं स्मारक म्हणून डब्लिनच्या मुख्य पोस्टात १९३५ साली पुतळा बसला, तो शापातून सुटलेल्या वीर कूखुलिनचा. माखाचा नाही.

मानसशास्त्र फेकून द्या असं मी म्हणत नाही. दाबलेलं परत येतं, एवढं त्याच्याकडून जरूर घ्या. पण दाबलं कुणी, हे कथेत उघड सांगितलेलं असताना ते मनाच्या तळात शोधत बसू नका.