भोपळा, सागवान आणि बास गिटार

विषय बास गिटारीचा असताना आम्ही सुरुवात मिरजेपासून का करतोय, असं तुम्हाला वाटेल. वाद्य कशाचं बनवावं हा प्रश्न तिथं पिढ्यान् पिढ्या रोज हातानं सोडवला जातोय, म्हणून. मंगळवेढ्याकडचा भोपळा, कर्नाटकातनं आलेलं लाकूड, आणि वर जवारी काढणारा कान. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कामाला.

आता पाहा, तानपुऱ्याला भोपळा लागतो कशाला? नुसती तार हवा फारशी हलवत नाही. तिचं कंपन घोडीतनं तबलीत उतरतं, आणि तबली व भोपळ्यातली हवा मिळून ते मोठं करतात. म्हणून भोपळा बदलला की आवाज बदलतो. इलेक्ट्रिक बासचं तसं नाही. तिथं पोलादी तार पिकअपच्या चुंबकासमोर हलते आणि वेटोळ्यात वीज उमटते. लाकडाचा वाटा आहे, पण आडून: दांडी किती ताठ आहे, तारेची ऊर्जा किती लवकर शोषली जाते, एवढाच. तेव्हा अशा बासला भोपळा चिकटवला आणि ‘देशी नाद’ म्हटलं, तर ती सजावट झाली. सजावटीला आमची हरकत नाही. तिला नाद म्हणण्याला आहे.

हीच कसोटी सागवानाला लावू. पुण्यात वाडे पाडले जातात आणि त्यांच्या तुळया-खांबांचं जुनं सागवान विकायला येतं. मुरलेलं, सहसा न वाकणारं लाकूड. त्याची बास करावी असं कुणालाही वाटेल. करावीही. पण सागवान अमेरिकन बासच्या नेहमीच्या आल्डरपेक्षा बरंच घट्ट असतं. त्याच मापाचं अंग केलं तर वजन किलोभर वाढू शकतं, आणि दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते कळतं. शिवाय सागात तेल असतं, सांधा चिकटवण्याआधी ते पुसून काढावं लागतं. मग अंग आतनं पोकळ करा, पातळ करा. ‘वाड्याचा उबदार आवाज’ हे वर्णन मात्र तेच पिकअप, त्याच तारा आणि तोच वादक ठेवून दोन वाद्यं ऐकवल्याशिवाय आम्ही मान्य करणार नाही.

दांडीची गोष्ट वेगळी. चार तारांचा ताण मिळून ७०–८० किलोच्या घरात जातो, त्यात आपला पावसाळा. जूनमध्ये लाकूड ओल घेतं, दांडी हलते, तारा पडद्यांवर घरघरतात. इथं द्रव्याला खरं काम आहे. १९५१ च्या फेंडर प्रिसिजनला मेपलची दांडी होती. १९८० च्या सुमारास स्टाइनबर्गरनं कार्बन तंतूंचं वाद्य आणलं, त्यात हा हवामानाचा प्रश्न बराचसा टळतो. आणि शिसवीची पट्टी हवी असेल तर हेही लक्षात ठेवा, की २०१७ पासून तिच्या कुळातल्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराची बंधनं आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

जॅको पास्टोरिअसचं उदाहरण घ्या. त्यानं फेंडर जॅझ बासचे पडदे काढले, खाचा भरल्या. मग तारांनी लाकूड झिजू नये म्हणून वर होडीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलं. रसायन अगदी परकं, पण कारण चोख. त्यातनं जो घसरता, गाता आवाज निघाला, तो आपल्या मींडेच्या कानाला जवळचा वाटतो.

मिरजेकडनं घ्यायचं असेल तर म्हणूनच भोपळ्याआधी जवारी घ्या. घोडीचा पृष्ठभाग जरासा उतरता घासून तारेतनं स्वरांचा झोत काढण्याची ती विद्या बासवर करून पाहण्याजोगी आहे. गुंडाळीची पोलादी तार हाड किंवा लाकूड लवकर खाईल, तेव्हा घोडीला दुसरं काही शोधावं लागेल, आणि ते कारागीर आणि वादक शेजारी बसल्याशिवाय सापडायचं नाही. तसं वाद्य झालंच, तर जवारी काढणाऱ्याची मजुरी आधी ठरवा, आणि त्याचं नाव वाद्यावर घाला. आजवर बहुतेक वेळा भोपळ्याचा फोटो छापला जातो आणि तो घडवणारा चौकटीबाहेर राहतो.